लसणावरून चूल वेगळी (दिवाळी २०२४)

अहो वैनी, या की जरा कुंपणापाशी. ओरडून सांगण्यासारखं नाही. शेवटच्या बंगल्यातल्या जावाजावांचं कळलं का? चूल वेगळी झाली, ऐन दिवाळीच्या तोंडावर! आणि कशावरून, तर लसणावरून. धाकटीनं चटणीत अख्खा गड्डा घातला म्हणे. थोरली म्हणाली, "चारशे रुपये किलोचा लसूण, माहेरून आणलास का?" झालं! खरंखोटं देव जाणे, मला आमच्या कामवाल्या मावशींनी सांगितलं. आता फराळाची ताटंही तिथं दोन पाठवायची की काय?

पण मला विचाराल तर लसूण नुसता निमित्ताला. थोरलीचा नवरा दसऱ्यापासून वाणसामानाच्या यादीतलं एकेक नाव खोडत बसलाय. पुरुषमाणूस डब्यात डोकावायला लागला ना, की घरातलं स्वास्थ्य गेलंच म्हणून समजा.

आमच्याकडे तरी काय वेगळं? ही तेलाची पिशवी बघा. लिटरची वाटते ना? मागचं बारीक अक्षर वाचा. ८५० ग्रॅम! लिटरभर तेल म्हणजे ९१० ग्रॅम तरी भरायला हवं. नेहमीच्या हिशेबानं चकल्या तळायला घेतल्या, तर शेवटच्या घाण्याला कढईचा तळ दिसायला लागला. पिशवीचा आकार तेवढाच हो, लबाडी सगळी आत.

त्यात १४ सप्टेंबर २०२४पासून बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयात कर शून्याचा एकदम २० टक्के. ह्यांनी पेपर वाचून दाखवला, म्हणे सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मिळू दे बापड्याला, माझी ना नाही. पण माझी नणंद लातूरकडची, तिच्या घरचंच सोयाबीन आहे. यंदाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि व्यापारी चार-सव्वाचार हजारांच्या वर बोलत नाही. सरकारी केंद्रावर न्यावं, तर ओलावा जास्त म्हणून माल परत. मग माझ्या खिशातून गेलेले पैसे थांबले कुठे, ते सांगा.

कांद्याबद्दल तर मला तोंडच उघडता येत नाही. माहेर निफाडचं ना! सत्तर रुपयांचा कांदा बघून सासूबाई म्हणतात, "तुझ्या भावाची चंगळ आहे बाई." कसली चंगळ? ८ डिसेंबर २०२३ला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे उजाडेपर्यंत. भावाचा लाल कांदा मातीमोल गेला. उन्हाळी कांदा चाळीत भरला होता, तो खत-औषधाच्या दुकानाची उधारी फेडायला श्रावणातच विकला. आता भाव चढलाय आणि चाळ रिकामी. माझ्या भावजयीचा फोन आला होता. शेतकऱ्याच्या घरात कांदा विकत आणतेय ती! हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणतील, माहेरची बाजू घेते. म्हणून गप्प बसते. कधीकधी रागानं कांदा जास्तच बारीक चिरते, एवढंच.

चला, दूध उतू जाईल. आणि हो, एक काम करा माझं. यंदा मी अनारशांना फाटा दिलाय. तुपाचा डबा बघून हातच धजेना. सासूबाईंना अजून बोलले नाहीये. तुमच्यापुढे विषय निघाला, तर तुम्ही आपलं म्हणा, "यंदा आमचेही अनारसे फसले, तांदूळच वाईट आलाय."