कोंबडा चालेल असं घर

पेणच्या बाजारातून पोह्याचे पापड आणि गणपती सोडून मी एकट्याने काहीही विकत आणायचं नाही, असा आमच्या घरात ठराव आहे. तो का झाला, ते सांगतो.

सायकलच्या कॅरिअरवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं. मी उभ्या उभ्या हिशेब मांडला. गावठी अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा चांगला भाव, तलंग पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, म्हणजे दिवाळीपासून आम्लेट घरचं. एवढी माहिती असणाऱ्या माणसाला याच्यापुढची एक माहिती असायला हवी होती. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत नर पिल्लाला कुणी विचारत नाही. तो अंडं देत नाही आणि ब्रॉयलरसारखा अंगही धरत नाही. म्हणून तो एका दिवसाचा असतानाच मातीमोल भावात बाहेर पडतो, रंगात बुचकळला जातो आणि माझ्यासारख्याच्या पिशवीत येतो. सहांतली दोन पिल्लं आठवड्यात दगावली. उरलेल्या चौघांचा रंग पिसांबरोबर गेला, मग डोक्यावर तुरे आले. चौघांनाही.

“आज अंडं कोण देणार म्हणाला?” हिने चहाचा कप ठेवत विचारलं.

आरवायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. वेळ पहाटे तीनची, जागा तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी. मी त्यांच्यावर डालगं उपडं घातलं, वर गोधडी टाकली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, हे ठाऊक होतं. झाकलेलं कोंबडं तांबडं फुटायच्या कितीतरी आधीच सुरू होतं, ही भर माझी. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की आरवण्याचं घड्याळ कोंबड्याच्या आतच असतं, उजेड नसला तरी ते चालतं. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. शिवाय फ्रान्समधल्या मॉरिस नावाच्या कोंबड्याचा दाखलाही दिला. त्याच्या आरवण्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. २०२१ मध्ये तर तिथे खेड्यातले आवाज आणि वास जपणारा कायदाच झाला.

“मग फ्रान्सला घर बघा,” अध्यक्ष म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत म्हणजे हीसुद्धा.

फ्रान्स लांब पडत होतं, म्हणून सुरुवात पेण तालुक्यातच केली. एजंटाने आधी एका एनए प्लॉटच्या प्रकल्पावर नेलं. माहितीपत्रकावर ‘पक्ष्यांच्या किलबिलाटात जाग यावी’ असं छापलेलं, आत नियमावलीत पशुपक्षी पाळण्यास सक्त मनाई. मग म्हटलं, साधी शेतजमीन घेऊन खोपट बांधू. तेव्हा कळलं की १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी असल्याचा पुरावा आणा. आजोबा गिरणीत गेले तेव्हाच सातबाऱ्यावरचं आमचं नाव संपलं होतं. चार कोंबडे हा पुरावा धरत नाहीत. आणि धरला असता तरी भाव परवडला नसता: जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेणमधली १२४ गावं नव्या शहराच्या नकाशात गेली. आता ज्याच्या बांधावर गवत उगवतं, तोही भाव सांगण्याआधी दक्षिण मुंबईकडे बघतो.

तेव्हा भाड्याचं घर, आणि रोह्याकडे. नागोठण्याहून भिसे खिंडीतून उतरताना मला वाटत होतं की खेड्यात कोंबडा चालेल का, हा काय प्रश्न झाला? पण प्रश्नच आड आला. पहिल्या घरमालकांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी हात जोडले. दुसऱ्यांनी “कोंबड्या पाळायच्यात” एवढं ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पाच हजार ब्रॉयलरची शेड, माश्या आणि वास उभा राहिला. “आमच्याकडे पोल्ट्री नको.” मी म्हटलं, चारच आहेत. ते म्हणाले, सगळे चारच सांगतात. तिसऱ्यांना चाललं असतं, फक्त ते कोंबड्यांकडे फार प्रेमाने बघत होते आणि थंडी तोंडावर आली होती. रायगडात थंडी म्हणजे पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेला कोंबडा, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं घालून भोवती जाळ. मी स्वतः दोनदा वाढून घेतो. पण ओळखीचा कोंबडा वेगळा.

शेवटी एका वाडीत कौलारू घराच्या पडवीत एक आजी तांदूळ निवडत होत्या. मी सवयीने परवानगी मागितली.

“कोंबऱ्या हायत तं हायत,” त्या म्हणाल्या. “इचारताव कशाला?”

घर मिळालं. माझ्या कोंबड्यांना मात्र ते मानवेना. फरशीवर वाढलेले ते, गवतावर पाय ठेवायला घाबरत. आजींच्या एका गावठी कोंबड्याने पहिल्याच सकाळी चौघांना अंगणाचा कोपरा दाखवला. नागोयावाल्यांनी २०१५ मध्ये हेही सांगून ठेवलं आहे, की कळपातला म्होरक्या आधी आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे मागून. आमचे चौघेही नंबर लावून उभे राहू लागले. एकाला मुंगसाने नेलं तेव्हा रांग तेवढी पुढे सरकली.

मग मानमोडीची भीती बसली. रोग झाला तर औषध नाही, लसच द्यावी लागते, म्हणून लासोटा आणली. छोट्यात छोटी बाटली मिळाली ती शंभर पक्ष्यांची. एकदा कालवली की काही तासांत संपवायची. माझे पक्षी तीन. मी वाडीत जाहीर केलं की मोफत लसीकरण आहे, आणि भर दुपारी ड्रॉपर घेऊन निघालो. कोंबडी भर दुपारी धरता येत नाही. ती कुंपणाखालून जाते, आपण कुंपणातून जातो. शाळेतून सुटलेली पोरं कुंपणावर बसून टाळ्या वाजवत होती. चिखलात पडलो तेव्हा आजींनी हाक मारली:

“रातची धर. तवा ती आंधली असते.”

रात्री खुराड्यातून एकेक कोंबडी आजी काढून हातात देत होत्या आणि मी डोळ्यात थेंब टाकत होतो. पण तोवर बाटलीची मुदत टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली, या वेळी अंधार पडल्यावर कालवली. वाडीत तेव्हापासून मला ‘डागदर’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात.

तर पेण-रोह्याकडे कोंबड्यांसाठी घर बघत असाल, तर जाहिरात वाचू नका, अंगणात डालगं दिसतंय का ते बघा. ‘पोल्ट्री’ हा शब्द तोंडातून काढू नका. आणि कुणाला कोंबडे हवे असतील तर माझ्याकडे तीन आहेत, लस टोचलेले नव्हे पण थेंब घातलेले, फुकट. पोपटीवाल्यांनी कृपया चौकशी करू नये.