नाकातली पाणीगळती

‘नाकात मांस वाढलंय’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. खरं तर त्यात मांस कुठलं? पॉलिप म्हणजे सायनसच्या अस्तराचा फुगून लोंबणारा गोळा. फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखा. हात लावला तरी दुखत नाही. आत बहुतेक पाणीच.

माझ्या दोन्ही नाकपुड्यांत हा ऐवज आहे. सायनसची सूज 12 आठवडे टिकली की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. माझी सूज आता रेशनकार्डावर नाव लावण्याइतकी जुनी झाली आहे. वास येत नसल्यानं फोडणी करपली तरी मला पत्ता लागत नाही. त्यामुळे घरात स्वयंपाकाला कधीच नाव न ठेवणारा असा माझा लौकिक झाला आहे.

पॉलिपमधलं हे पाणी येतं रक्तवाहिन्यांतून. सुजेत त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. त्याच्याबरोबर रक्त गोठवणारं फायब्रिनही येतं, त्याचं जाळं बनतं आणि पाणी तिथंच अडकतं. हे जाळं विरघळवणारी यंत्रणा पॉलिपमध्ये मंदावलेली असते. 1983 साली अमेरिकेतल्या संशोधकांना कर्करोगाच्या गाठींमध्ये एक द्रव्य सापडलं, जे रक्तवाहिन्यांना गळकं करत होतं. पुढं कळलं की नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं ‘व्हीईजीएफ’ ते हेच. पॉलिपमध्येही ते मुबलक असतं. गंमत अशी की एवढं असूनही पॉलिपमध्ये रक्तवाहिन्या विरळच. वाढीचं काम बाजूला आणि गळती मात्र चोख. हे वाचताना मला आमची सोसायटी आठवली, पण तो विषय वेगळा.

या गोंधळामागं बऱ्याचदा इओसिनोफिल असतात. इओसिन रंगानं लाल होणाऱ्या या पेशी जर्मन वैद्य पॉल एर्लिख यांनी 1879 साली ओळखल्या. जंतांशी लढणं ही त्यांची जुनी नोकरी. नाकात जंत नसले तरी त्या तिथं गर्दी करून बसतात, आणि इंटरल्यूकिन-5 नावाचं प्रथिन त्यांची मुदत वाढवत राहतं. म्हणून आता डॉक्टर नाकाची चौकशी रक्तात करतात. 2020 च्या युरोपीय सूचनांनुसार रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 250 किंवा जास्त इओसिनोफिल हा अशा सुजेचा एक पुरावा होता. मला हा आकडा एकटा पटत नाही. आपल्याकडे पोटात जंत असले तरी तो चढतो. नाकातल्या तुकड्याची तपासणी, ॲलर्जीचं प्रतिपिंड आयजीई आणि रोग्याचा दमा असं सगळं एकत्र पाहिलं तरच त्याला अर्थ.

उपाय सुचवणाऱ्यांची वाण नाही. कुणी जलनेती सांगतं, कुणी ओव्याची धुरी. मी मात्र स्टेरॉइडचा फवारा विनातक्रार मारतो, कारण प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत नाकातून दोऱ्यानं स्पंज ओढून पॉलिप उपटायची कृती आहे. आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. पॉलिप मात्र पुष्कळदा परत येतात. 2019 पासून अमेरिकेत डुपिलुमॅबच्या इंजेक्शनाला यासाठी मान्यता आहे. त्यानं अनेकांना वास पुन्हा येऊ लागतो, पण किंमत ऐकून श्वास पुन्हा अडकतो.

एवढं मात्र थट्टेवारी नेऊ नका. हे पॉलिप सहसा दोन्हीकडे असतात आणि त्यांतून रक्त येत नाही. एकाच नाकपुडीत वाढ असेल किंवा रक्त येत असेल, तर धुरी बाजूला ठेवा आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.