काडतूस बघण्याचा कार्यक्रम

अभिनंदन. परवाना हातात पडला. पोलिसांनी तुमचा पत्ता आणि चारित्र्य तपासलं, डॉक्टरांनी तब्येत तपासली, जिल्हाधिकारी कार्यालयाने कागद तपासले आणि मग कागद तपासल्याचा कागदही तपासला. आजोबांची बारा बोअरची डबल बार बंदूक आता कायद्याने तुमची झाली. दुकानदाराने पुस्तकात नोंद करून काडतुसांची पेटी पुढे सरकवली, तुम्ही ती पिशवीत टाकून घरी आणली. एवढ्या सगळ्या तपासणीत एका गोष्टीकडे कोणीच पाहिलं नाही, ते म्हणजे काडतूस. तेव्हा बघण्याचा कार्यक्रम आता तुम्हीच उरकायचा आहे, आणि इथे नकार द्यायला अजिबात लाजायचं नाही.

सुरुवात बंदुकीला बाहेर काढून करा. ती उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. ‘घालून तर बघू, बसतंय का’ याला तपासणी म्हणत नाहीत. पोरांना बाहेर पाठवा. ती जाणार नाहीत. मग तुम्हीच काडतुसं घेऊन आत जा आणि कडी लावा.

आता पेटीवरचं वाचा. होय, वाचायचं असतं. बोअरचा हिशेब उलटा चालतो: एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, की त्यांतल्या एकीच्या मापाची नळी ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. वीस बोअर म्हणजे त्याच शिशाच्या २० गोळ्या, म्हणून ती अरुंद. आकडा मोठा म्हणून काडतूसही मोठं, असं समजणारे आजही भेटतात आणि आत्मविश्वासाने भेटतात. वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर मागे न अडता पुढे सरकतं आणि नळीत बसून राहतं. आपण वाकून पाहतो, नळीतलं काडतुसाचं घर रिकामं दिसतं, ‘अरेच्चा, घालायचं राहिलं वाटतं’ म्हणत मागून बाराचं घालतो. पुढे काय होतं ते सांगायला नळी उरत नाही, काही वेळा हातही. म्हणूनच अनेक कंपन्या वीस बोअरला पिवळा रंग देतात. दोन बोअरची काडतुसं एका खिशात कधीही नकोत.

लांबीचं प्रकरण तर याहून लबाड आहे. काडतुसावर ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण ही लांबी उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यावरची. मिटलेल्या तोंडाचं काडतूस बरंच आखूड असतं, त्यामुळे ६५ मिलिमीटर घराच्या जुन्या विलायती बंदुकीत ते निमूटपणे बसतं. उडताना मात्र तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब भलताच वाढतो. आजोबांच्या बंदुकीचं घर नेमकं कितीचं आहे, हे परवानाधारक बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या. ‘आजोबांनी कायम हीच वापरली’ हे माप नव्हे.

हे जमलं की एकेक काडतूस उजेडात धरा. आपल्याकडची बारा बोअरची काडतुसं बहुधा पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. १८६९ पासून चालणाऱ्या कारखान्यातून माल निघतो तेव्हा तो चोख असतो असं धरून चालू. पण पुढे गोदाम, ट्रक आणि दुकानातलं गळक्या भिंतीजवळचं फडताळ असा त्याचा प्रवास होतो, त्याची हमी कोण देणार?

बूड आधी पाहा. मधली गोल टोपी बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत असली पाहिजे. काडतूस काचेवर उभं करा. डगमगलं तर टोपी वर आलेली असू शकते. असं काडतूस बंदूक मिटतानाच उडण्याचा धोका असतो. टोपीवर आधीच खोच पडलेली असेल तर ते कुणीतरी मारून पाहिलेलं, न उडालेलं आणि पुन्हा पेटीत ठेवलेलं काडतूस आहे. पितळेला चीर, खोल पोचा, हिरवा गंज: बाजूला. कडा वाकलेली: बाजूला. कागदी नळीचं जुनं काडतूस पावसाळ्यात फुगतं, ते बाजूला. तोंडाची घडी सुटून छर्रे डोकावत असतील, तर त्याला तर विचारूही नका.

पितळेच्या चिरेवरून आठवलं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं कुणी हात न लावता तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचं ते काम होतं; १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. तेव्हा काडतुसांची पेटी गोठ्याच्या माळ्यावर ठेवायची जुनी पद्धत बंद करा. गोमूत्राचे फायदे ऐकून पितळ बदलत नाही. अमोनिया असलेल्या पॉलिशने चकचकीत करू नका, आणि गंज काढायला तेलही सोडू नका. ते टोपीत झिरपतं आणि काडतूस मुकं होतं. ओल आलेली काडतुसं पापडांशेजारी उन्हात घालणाऱ्या मंडळींकडे जेवायला जाऊ नये.

एवढ्यात शेजारचे काका येतीलच. ते काडतूस कानाशी हलवून ‘दारू ताजी आहे’ म्हणतील. आवाजावरून काही कळत नाही. चावून पाहायला निघाले तर मात्र त्यांना आवरा. काडतूस दाताने फोडण्यावरून १८५७ साली या देशात बरंच काही घडलं आहे.

इतकं करूनही एखादं काडतूस दगा देतं. घोडा पडला आणि आवाज नाही: नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान मिनिटभर थांबा, मग उघडा. आवाज आला पण फुसका: दुसरी गोळी झाडायची नाही. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. काडतुसातला डाट तिथेच अडकलेला असू शकतो.

नापास काडतुसं फोडून आत काय आहे ते बघू नका. बंबात, विहिरीत, भंगारात नको. वेगळ्या डबीवर ‘वापरू नये’ असं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा आणि दुकानदाराकडे न्या. तो म्हणेल, ‘चालतंय हो, काही होत नाही.’ मग पोलीस ठाण्यात कळवा, कारण ते काडतूस अजून तुमच्याच नावावर आहे. तिथे आधी विचारतील की दिसतंय तर छान, खराब काय आहे? टोपी दाखवा. जमा करून घेतील. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.