हलगीवाल्याचं ताट कुठं वाढलं?

कुस्त्यांचं मैदान भरलं, हलगी लागते. बेंदराला बैलं मिरवायची, हलगी लागते. पालखी निघाली, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, गावातलं म्हातारं माणूस गेलं, सरपंच निवडून आला, तरी हलगी लागतेच. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडच्या गावांत हलगी, घुमकं आणि कैताळ वाजल्याशिवाय कार्य झालं असं कुणाला वाटत नाही. ही वाद्यं वाजवणारे बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीतून येत आले. मांगवाड्यातून.

लोककलेवर भाषणं करणारे या शेवटच्या वाक्यापाशी आले की विषय बदलतात. मातीचा गंध, रांगडा बाज, समृद्ध वारसा असं पुष्कळ बोलतात. वाजवणाऱ्याला जेवायला कुठं बसवलं, हे मात्र विचारत नाहीत. आज तेच विचारायचं आहे.

जुन्या गावगाड्यात हलगी वाजवणं हे काम ठरलेलं होतं, आणि ते कुणी करायचं हे जातीनं ठरवलेलं होतं. मोबदला म्हणजे सुगीतलं बैतं आणि सणाचं शिळंपाकं. ‘येत नाही’ म्हणायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, ते गावकीच्या याच वेठीवर बोट ठेवून. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द करायला १९५८ साल उजाडलं. मधल्या काळात अनेक गावांतल्या दलितांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं आणि गावापुढं वाजवायचंही सोडलं. त्याबद्दल बहिष्कार सोसला. त्या नकाराला कुणी कलेचा ऱ्हास म्हणत असेल, तर त्याला कला कळली नाही आणि माणूसही कळला नाही. जे नाकारायची मुभा आहे, तेच मनापासून वाजवता येतं.

आता वाद्याकडं या. एका कड्यावर ताणलेलं चामडं, एक जाड काठी, एक बारीक काठी. एवढ्यावर हा माणूस हजारोंचं मैदान उभं करतो. चामडं सैल पडलं की जाळ करून शेकायचं, बोटानं टिचकी मारून आवाज जोखायचा आणि मगच गळ्यात अडकवायचं. मैदानात त्याची नजर पैलवानांच्या पायांवर असते. खडाखडी चालू असताना ठेका संथ, पकड बसली की चढता, पाठ लागायच्या बेताला नुसता कडकडाट. समोर काय घडतंय ते पाहत त्याच क्षणी लय बदलायची, हे मैफलीत घडलं की आपण त्याला उपज म्हणतो आणि दाद देतो. मैदानात दाद पैलवानाला मिळते.

याच हलगीचं दुसरं काम बघा. काही नगरपालिका कर थकवणाऱ्याच्या दारात हलगी वाजवतात, त्याला लाज वाटावी म्हणून. लाज कशाची? वाजवणाऱ्याच्या जातीला चिकटवलेला कमीपणाच तिथं हत्यार म्हणून वापरला जातो. सरकारी कचेरीनं हे ताबडतोब बंद करावं. वसुलीला नोटीस पुरते.

या वाद्याला आणि या वस्तीला स्वतःचा आवाज होता, याचा पुरावा वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी दिला. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात ते तयार झाले आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्या ढोलकी-डफावर गावानं करमणूक करून घेतली, त्याच तालावर त्यांनी गिरणी कामगाराचं दुखणं आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी गायली. तमिळनाडूत हलगीच्या जातकुळीची परई आहे. मयताला वाजवायचं अस्पृश्यांचं वाद्य म्हणून हिणवलेली ही परई दलित तरुणांनी आणि मुलींनी ताठ मानेनं गळ्यात घातली. २०२५ मध्ये परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. तिकडं हे घडलं, कारण वाजवणाऱ्यांनी आपल्या अटी घातल्या आणि ऐकणाऱ्यांना त्या मानाव्या लागल्या.

आपल्याकडं डीजेवाल्याला तोंडातून निघेल ती रक्कम आगाऊ मिळते आणि हलगीवाल्याशी शंभर-दोनशेवरून घासाघीस चालते. वर ‘पोरं आता हलगी शिकत नाहीत’ अशी तक्रार. का शिकावी? ज्या कामानं बापाला मांडवाच्या बाहेर बसवलं, ते मुलानं हौसेनं उचलावं ही अपेक्षाच निर्दय आहे.

म्हणून लग्नसराई आणि जत्रा तोंडावर असताना तीन गोष्टी करा. बिदागी आधी ठरवा, सुपारी हातात द्या, उरलेले पैसे वाजवणं संपताच चुकते करा. पंगतीत त्यांचं ताट पाहुण्यांच्या रांगेत, पाहुण्यांच्याच वेळेला वाढा. आणि जत्रेच्या पत्रकावर देणगीदारांची नावं छापता, तिथंच वादकांची नावं पूर्ण छापा. ज्येष्ठ कलाकारांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपयांची. तिथं कलेची सेवा केल्याचे कागद मागतात. ज्यानं उभा जन्म वाजवलं, पण ज्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, तो कागद आणणार कुठून? तुमच्या पत्रकातली एक ओळ त्याच्या म्हातारपणी उपयोगाला येईल.

एवढं जमत नसेल, तर हलगी बोलावू नका.