कुंपणापलीकडचा गटणे

अहो वहिनी, शेंगा नंतर निवडा, जरा इकडं या. ऐकलंत का त्या गटण्यांच्या सखारामाचं? वाचून वाचून पोरगं अगदी छापील बोलायला लागलं! वर लग्नाला नाही म्हणतो. शेवटी बाप उठला आणि थेट पुलंच्या दारात. पुस्तकं पुरवली तुम्ही, आता समजूतही तुम्हीच घाला! पुलंचा चेहरा काय झाला असेल...

आमचे हे म्हणतात, "अगं, तो 'व्यक्ती आणि वल्ली'तला. खरा नाही." म्हटलं, असू दे. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी मिळालं. तुमच्या ऑफिसातल्या खऱ्या माणसांना काय मिळालं? गप्प बसले.

तर काय सांगत होते... हां, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली यमू. 'करमणूक' साप्ताहिकात यायची ती. नवऱ्यानं हौसेनं वाचायला लावलं, तर सासरी केवढी आदळआपट! बाईच्या हातात पुस्तक दिसलं की... जाऊ दे, तिचं पुढचं मला सांगवत नाही.

त्यापेक्षा स्पेनच्या डॉन क्विक्झोटचं ऐका. पन्नाशीचा गृहस्थ, आणि शूरवीरांच्या कादंबऱ्या घ्यायला पिकती जमीन विकली! आपल्या माढ्याकडं कुणी अशी विकली असती तर भावकीनं सोडलं असतं का? मग भाची, मोलकरीण, पाद्री आणि न्हावी, हो, न्हावीसुद्धा, जमले पुस्तकं जाळायला. पण गंमत ऐका. मधेच पाद्री म्हणतो, हे राहू दे, हे चांगलंय. म्हणजे मेल्यानं वाचलं होतंच की! वर खोलीचं दार बुजवून टाकलं. म्हातारा उठून चाचपडतोय, दार कुठाय, दार कुठाय... तर भाची म्हणते, जादूगार आला होता, खोलीच घेऊन गेला. आणि ह्याला पटलं हो! कोण जादूगार, तेही ह्यानंच ओळखलं.

पण त्याच्या कादंबरीच्या १६१५ च्या दुसऱ्या भागात तर कहरच. पहिला भाग वाचलेली माणसं ह्याला वाटेत भेटायला लागली. त्यात दुसऱ्याच कुणीतरी ह्याच्यावर डुप्लिकेट पुस्तक काढलेलं. त्यात लिहिलंय, हा सारागोसाला जातो. झालं! निव्वळ त्याला खोटं पाडायचं म्हणून हा बार्सिलोनाला वळला. तिथं हौसेनं छापखाना बघायला गेला, तर तेच मेलं पुस्तक छापायला घेतलेलं, प्रुफं तपासणं चाललंय. फणकाऱ्यानं बाहेर पडला. मीसुद्धा पडले असते, दोन शब्द सुनावून.