फोन तुमचा, किल्ली त्यांची

न्यू जर्सीचा भाचा दिवाळीला आला आणि आपला जुना आयफोन माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "मामा, हा तुम्हाला." हळदकुंकू लावून मी त्यात आपलं सिम घातलं. फोनने त्याला ओळखच दाखवली नाही. बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने फोन उलटसुलट करून परत दिला. "लॉक आहे काका, तिकडच्या कंपनीचं. फोटो बघायला वापरा."

भाच्याचे हप्ते केव्हाच फिटले होते. पण कुलूप काढायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो, तो राहिला होता.

पूर्वी आमच्या वाड्यात घरमालक रागावला की भाडेकरूच्या पाण्याचा कॉक बंद करायचा. अमेरिकेत सुधारणा एवढीच, की घर तुम्ही विकत घ्यायचं आणि कॉक मालकाच्याच हातात. 2004 साली व्हेरायझन या तिथल्या मोबाइल कंपनीने विकलेल्या मोटोरोला व्ही-710 मध्ये ब्लूटूथ होतं. त्याने हेडसेट जोडता येई. फोटो कॉम्प्युटरवर पाठवायची सोय मात्र कंपनीने बंद केलेली. 2012 मध्ये एटी अँड टी या दुसऱ्या कंपनीने जाहीर केलं, की मोबाइल डेटावर फेसटाइमचा व्हिडिओ कॉल हवा तर आमचा नवा प्लॅन घ्या. आपल्याच डेटावर लॅपटॉप चालवायचा तर तेव्हा महिना 20 डॉलर वेगळे. म्हणजे पाणीपट्टी भरायची, आणि तेच पाणी तुळशीला घातलं की दुसरी पावती! हा आकार चुकवणारी अ‍ॅप्स अ‍ॅप-दुकानातून काढायला लावली म्हणून व्हेरायझनला त्याच वर्षी साडेबारा लाख डॉलर मोजावे लागले.

आता पुन्हा त्या कुलपाकडे. फोनचं कुलूप काढणं गुन्हा की नाही, हे कॉपीराइट कायद्याच्या कृपेने तिथे ठरवणार कोण? लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ग्रंथपाल! त्यांनी कुलूप काढायची सवलत काढून घेतली आणि 26 जानेवारी 2013 नंतर घेतलेल्या फोनचं कुलूप कंपनीला न विचारता काढणं बेकायदा ठरलं. आपण इकडे झेंडावंदन करत होतो. आमच्या वाचनालयात ग्रंथपालांना कपाटाची किल्ली सापडत नाही. तिथे सगळ्या देशाच्या फोनची किल्ली त्यांच्या टेबलावर. लाखावर लोकांनी सह्या केल्या, तेव्हा 2014 च्या ऑगस्टमध्ये कायदा होऊन ही बंदी उठली.

आपल्याकडे फोन बहुधा कुलपाविना मिळतात, म्हणून छाती फुगवू नका. इथे कंपन्यांनी हात घातला तो थेट पंचांगाला. महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. 30 दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवा, हे 2022 साली ट्राय या दूरसंचार नियामकाला सांगावं लागलं. आपला अधिक महिना तीनेक वर्षांनी येतो, कंपनीचा दरवर्षी येतो. वाण आपणच द्यायचं. जावई कोण, ते सांगायला नको.