प्रेम मास्तरांचं, पेट्रोल आमचं

रावेरला आमच्या गल्लीत मास्तर दिसले की लोक मोटारसायकलची चावी खिशात आणखी खोल ढकलतात. मास्तर ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त. रविवारची उपासना भुसावळला जाऊन स्वतः करतात; उरलेल्या सहा दिवसांची आमच्याकडून करून घेतात.

धर्मावर बोलताना त्यांना गल्लीत कोणी ऐकलेलं नाही. ते नुसतं म्हणतात, "चाल भो, पाच मिनिटांचं काम आहे." असल्या पाच मिनिटांत मी सावद्याला गेलोय, सातपुड्यात पालपर्यंत गेलोय आणि एकदा तर थेट जळगावच्या सिव्हिलला पोचलोय.

परवाचंच घ्या. केळीचा ट्रक भरत होते. घड वाहणारा एक तडवी पोरगा पाय घसरून पडला, घोटा टम्म सुजला. मुकादम घड मोजत राहिला. मास्तरांनी पोराला उचलून माझ्यामागं बसवलं आणि त्याच्यामागं स्वतः बसले. पोराच्या अंगावरचा सगळा चीक माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. केळीचा चीक म्हणजे सदरा फाटेल, पण डाग जाणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर मी वैतागून म्हटलं, "मास्तर, तुमच्या त्या शोमरोन्यानं जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवलं होतं." (लूकचं शुभवर्तमान मला वाचायला त्यांनीच दिलेलं.)

मास्तर शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडे जनावर होतं. माझ्याकडे तू आहेस."

त्याच गोष्टीतला शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार रोख देतो, आणि वर लागेल ते परत येताना फेडीन म्हणतो. मास्तरांनी यातला दुसरा भाग तेवढा उचललाय. मेडिकलवाल्याची वही साक्षीला आहे. पण पेन्शन झाली की ती वही कोरी होते आणि त्या महिन्यात मास्तरांच्या घरी शेवभाजी होत नाही, हेही मेडिकलवालाच सांगतो. मास्तर सांगत नाहीत. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हा त्यांचा दंडक. फक्त डावा हात बहुतेक वेळा आमचा असतो.

खरा भार बाईंवर. मास्तर कोणालाही जेवायला घेऊन येतात आणि वर रेव्हरंड टिळकांचा दाखला देतात: १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, पुढं आपल्या धरणगावचे बालकवी टिळकांच्या नगरच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोरासारखं सांभाळलं. बाई कळण्याची भाकरी थापत ऐकून घेतात. गेल्या आठवड्यात मात्र त्यांचा हात थांबला. "अहो, टिळकांनी बालकवी आणला. तुम्ही आणलेल्यानं आपलं पातेलं नेलं."

मास्तरांनी थोडा विचार केला. "त्याच्याकडे नसेल."

"आपल्याकडे तरी आता कुठंय?"

वाद तिथंच मिटला असेल, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रावेरच्या मे महिन्यात, दाराची कडी वाजली. मास्तर, डोक्याला उपरणं, हातात झाकण.

"अरे, झाकणाशिवाय भात कसा शिजायचा त्याचा? निंभोऱ्याला राहतो म्हणे. काढ गाडी."